जनाची लाज गेली की काय उरते? सत्ता आणि भ्रष्टाचार यांबद्दल रोमन विचारवंतांनी खरोखर काय सांगितले

एखादा मोठा घोटाळा बाहेर आला, की दोन रोमन वाक्ये आपल्या फोनवर हमखास येऊन पोहोचतात. ‘राज्य जितके भ्रष्ट, तितके त्याचे कायदे अधिक’ हे पहिले, आणि ‘राखणदारांवर राखण कोणी ठेवायची?’ हे दुसरे. पहिले टॅसिटस या इतिहासकाराचे आहे आणि दुसरे ज्युव्हेनल या कवीचे. दोन्ही अस्सल आहेत, मात्र ज्या मजकुरात ती लिहिली गेली त्यापासून तुटून ती आपल्याकडे आली आहेत. ज्युव्हेनल सरकारविषयी बोलतच नव्हता. बायकोवर पहारा बसवू पाहणाऱ्या नवऱ्याला तो विचारत होता, की त्या पहारेकऱ्यांवर कोण लक्ष ठेवणार. टॅसिटसचाही रोख कायद्यांच्या नुसत्या संख्येवर नव्हता. सर्वांसाठी सारखा कायदा करण्याऐवजी एकेका माणसाला डोळ्यांपुढे ठेवून कायदे होऊ लागले, त्या काळाचे वर्णन करताना त्याने ते वाक्य लिहिले आहे, आणि त्यानंतर लगेच पाँपी या सेनापतीला ‘स्वतःच्याच कायद्यांचा कर्ता आणि तोच मोडणारा’ म्हटले आहे. पाँपीने इ.स.पू. ५२ मध्ये आरोपीची स्तुती करणाऱ्या साक्षींवर बंदी घातली आणि काही महिन्यांतच आपल्या एका माणसासाठी स्वतःच स्तुतीची साक्ष दिली. न्यायपंचांत बसलेल्या धाकट्या केटोने ती ऐकायची नाही म्हणून कानांवर हात ठेवले, असे प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार सांगतो.

सुटी वाक्ये बाजूला ठेवून रोमन लेखकांचे म्हणणे सलग वाचले, तर त्यातून एक सुसंगत विचार हाती लागतो, आणि तो ‘वाईट माणसे सत्तेवर येतात’ या आपल्या नेहमीच्या तक्रारीपेक्षा बराच खोल आहे. ‘सत्ता माणसाला भ्रष्ट करते’ हे वाक्य रोमन नव्हे. ते अ‍ॅक्टन या इंग्रज इतिहासकाराच्या १८८७ मधल्या पत्रातून आलेले आहे. रोमन लोकांचा प्रश्न निराळा होता. माणूस मुळात सरळ असतो की वाकडा, यापेक्षा सत्ता हाती असतानाही त्याला आवर घालते ते काय, आणि तो आवर नेमका कधी सुटतो, याचा शोध त्यांनी घेतला.

आधी तीन शब्द समजून घेऊ

या लेखात ज्या रोमबद्दल बोलायचे आहे, ते साधारण इ.स.पू. १५० ते इ.स. १०० या काळातले. त्याच्या पहिल्या भागात रोम प्रजासत्ताक होते. दरवर्षी दोन सर्वोच्च अधिकारी निवडून येत, त्यांना कॉन्सल म्हणत. मोठ्या पदांवर राहून आलेल्या माणसांची आजन्म सभा म्हणजे सिनेट. कागदावर ती सल्ला देणारी होती, प्रत्यक्षात राज्य तिच्या शब्दावर चाले. जिंकलेल्या मुलखाला प्रांत म्हणत आणि त्यावर रोममधून एक अधिकारी पाठवला जाई. आपल्या इतिहासातला ओळखीचा शब्द वापरून त्याला सुभेदार म्हणू. सुभेदाराकडे सैन्य, न्याय आणि करवसुली या तिन्ही गोष्टी एकत्र असत, आणि पदावर असेपर्यंत त्याच्यावर खटला भरता येत नसे. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे, कारण पुढचे जवळजवळ सगळे त्यातून निघते.

शत्रू गेला आणि घर फुटले

रोमच्या अधःपाताचे सर्वांत गाजलेले स्पष्टीकरण सॅलस्ट या इतिहासकाराने दिले. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचे कार्थेज हे रोमचे शंभर वर्षांचे वैरी. इ.स.पू. १४६ मध्ये रोमने ते शहर जमीनदोस्त केले. सॅलस्ट म्हणतो, की तोवर शत्रूच्या धास्तीने सिनेट आणि सामान्य लोक एकमेकांना सांभाळून होते. धास्ती संपली आणि हाव मोकळी झाली.

आपल्याकडे गावोगावी घडणारी गोष्ट आठवली तर हे चटकन कळते. शेजाऱ्याशी बांधाचा दावा चालू असतो तोवर चार भाऊ एका ताटात जेवतात, तारखेला एकत्र जातात, वकिलाची फी मिळून भरतात. दावा जिंकला, की सहा महिन्यांत वाटण्या निघतात आणि भाऊबंदकी सुरू होते. भावांचा स्वभाव त्या सहा महिन्यांत बदललेला नसतो. बाहेरच्या भीतीने जे दाबून ठेवले होते, ते वर आलेले असते. सिपिओ नासिका नावाच्या सिनेटरला हे आधीच दिसले होते. कार्थेज राहू द्यावे, त्याच्या भीतीने रोमची शिस्त टिकेल, असे त्याचे म्हणणे होते. पण कार्थेज नष्ट झालेच पाहिजे, हा थोरल्या केटोचा, म्हणजे वर आलेल्या केटोच्या पणजोबाचा, आग्रह जिंकला.

सॅलस्टच्या मांडणीत मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याने स्वतःच पुढे केलेली दुरुस्ती. नंतरच्या ग्रंथात त्याने मान्य केले, की भांडणे रोममध्ये पहिल्यापासून होती आणि ती मानवी स्वभावातल्या दोषातूनच उपजली होती. जो सलोखा दिसला तो भीतीच्या काळापुरता होता. म्हणजे ‘पूर्वीची माणसे चांगली होती’ हे सुखावणारे म्हणणे त्याने स्वतःच सोडून दिले.

विकायला काढलेले शहर

भीती संपल्यावर काय होते, हे सॅलस्टने जुगुर्था या आफ्रिकी राजपुत्राच्या कथेतून दाखवले. नुमिडियाचे राज्य तिघा भावांत वाटायचे होते. जुगुर्था त्यांच्यातला दत्तक. त्याने एका भावाला मारले, दुसऱ्याला हुसकावले. हुसकावलेला भाऊ न्याय मागायला रोमला आला, तेव्हा जुगुर्थाने आपले दूत सोने-चांदी देऊन पाठवले, आणि सिनेटमधला संताप थोड्याच दिवसांत मावळला. राज्याची वाटणी करण्यासाठी दहा जणांचे पथक गेले; सॅलस्टच्या मते त्याचा प्रमुखही विकत घेतला गेला. इ.स.पू. ११२ मध्ये जुगुर्थाने सिर्ता शहर घेऊन दुसऱ्या भावालाही ठार केले आणि तिथे राहणाऱ्या इटालियन व्यापाऱ्यांची कत्तल केली, तेव्हा कुठे युद्ध जाहीर झाले. पुढच्याच वर्षी गेलेल्या कॉन्सलने पैसे घेऊन तह केला, असा आरोप झाला.

मग मेमियस नावाच्या ट्रिब्यूनने, म्हणजे जनतेने निवडलेल्या प्रतिनिधीने, जुगुर्थालाच अभय देऊन रोमला बोलावले आणि भर सभेत विचारले, की तू कोणाकोणाला पैसे दिलेस ते सांग. लोक कान टवकारून उभे होते. तेवढ्यात बेबियस हा दुसरा ट्रिब्यून उठला आणि त्याने जुगुर्थाला बोलायला मनाई केली. कोणताही ट्रिब्यून एकट्याने असे अडवू शकत असे. दुबळ्यांना बलवानांपासून वाचवण्यासाठी तो अधिकार निर्माण झाला होता. जुगुर्थाने नेमका तोच विकत घेतला होता. रोम सोडताना त्याने मागे वळून पाहिले आणि म्हणाला, ‘विकायला काढलेले शहर! गिऱ्हाईक मिळाले तर फार दिवस टिकणार नाही.’ हे उद्गार सॅलस्टने लोकांच्या तोंडची गोष्ट म्हणून दिले आहेत. ते शब्दशः खरे असतील किंवा नसतील, पण बेबियसचा प्रसंग त्यांच्याहून जास्त काही सांगतो. भ्रष्टाचार व्यवस्थेला बाहेरून फोडत नाही. व्यवस्थेतले जे कुलूप सर्वांत भरवशाचे असते, त्याचीच किल्ली तो मिळवतो.

पैसा पेरायचा आणि उगवायचा

एवढा पैसा लागत होता कशाला? मुख्य कारण निवडणूक. मते विकत घेण्याला लॅटिनमध्ये एक स्वतंत्र शब्द होता, ज्याचा मूळ अर्थ नुसता ‘फिरणे’, म्हणजे मतदारांच्या भेटी घेत हिंडणे असा आहे. त्या धंद्यात कामांची वाटणी झालेली होती: पैसे वाटणारे वेगळे, आणि काम होईपर्यंत कबूल केलेली रक्कम स्वतःपाशी ठेवणारे मध्यस्थ वेगळे. इ.स.पू. ५४ च्या जुलैमध्ये निवडणुकीसाठी इतके कर्ज उचलले गेले, की रोममधला व्याजाचा दर ४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेला. सिसेरो या वकील-राजकारण्याच्या खाजगी पत्रांत ही नोंद आहे, आणि मला ती कोणत्याही नीतिपर भाषणापेक्षा बोलकी वाटते.

उमेदवार कर्ज काढून निवडून येई, वर्षभर पद भूषवी, मग प्रांतावर जाई आणि तिथून कर्ज फेडी. ज्युलियस सीझर स्पेनमध्ये सुभेदार म्हणून निघाला तेव्हा सावकारांनी त्याची वाट अडवली होती. क्रॅसस या धनाढ्य राजकारण्याने ८३० टॅलेंटची, म्हणजे फार मोठ्या रकमेची, हमी घेतली तेव्हा तो सुटला. मतदाराला रोममध्ये मिळालेले पैसे शेवटी प्रांतातल्या शेतकऱ्याच्या कोठारातून निघत, आणि त्या शेतकऱ्याला रोममध्ये मत नव्हते.

व्हेरेसचे तीन वर्षांचे गणित

ही साखळी प्रत्यक्षात कशी चाले, हे आपल्याला बारकाव्यांसह माहीत आहे, कारण इ.स.पू. ७० मध्ये सिसेरोने गेयस व्हेरेस या सिसिलीच्या सुभेदारावर खटला चालवला आणि त्याची भाषणे टिकून राहिली. ती फिर्यादी पक्षाची भाषणे आहेत, आकडे सिसेरोचे आहेत, हे ध्यानात ठेवून ती वाचावीत.

सिसिलीत शेतकऱ्याने धान्याचा दहावा हिस्सा कर म्हणून द्यायचा असे. वसुलीचा मक्ता लिलावाने दिला जाई. हा नियम जुना आणि बरा होता. त्यात किती पीक आले आणि किती द्यायचे, याची लेखी नोंद शेतकरी व मक्तेदार दोघांवर बंधनकारक असे. व्हेरेसने एक फर्मान काढले, की मक्तेदार जेवढे मागेल तेवढे शेतकऱ्याने आधी द्यावे. जास्त घेतले असे वाटल्यास नंतर दावा लावावा, आणि दावा सिद्ध झाला तर मक्तेदाराला आठपट दंड होईल. वरवर पाहता हा नियम शेतकऱ्याच्या बाजूचा दिसतो. मात्र त्या दाव्याचे न्यायपंच व्हेरेसच्या सोबतच्या मंडळींतून नेमले जात, आणि मुख्य मक्तेदार अ‍ॅप्रोनियस हा त्याचाच माणूस होता. सिसेरोच्या म्हणण्याप्रमाणे लिओंटिनी भागात व्हेरेसच्या पहिल्या वर्षी ८४ शेतकरी होते, तिसऱ्या वर्षी ३२ उरले. अ‍ॅगिरियममध्ये २५० होते, ते ८० झाले. बाकीचे जमिनी टाकून गेले.

कलावस्तूंची लूटही अशीच कायद्याचे कपडे घालून झाली. मेसाना शहरातल्या हेयस नावाच्या गृहस्थाच्या देवघरात नामवंत ग्रीक शिल्पकारांच्या चार मूर्ती होत्या. त्या आपण ६,५०० सेस्टर्सना (सेस्टर्स हे रोमन नाणे) विकत घेतल्या, असे व्हेरेसच्या हिशेबवहीत लिहिलेले होते. सिसेरो दाखवून देतो, की लिलावात एकेका साध्याशा ब्राँझ मूर्तीला ४०,००० पडत होते. सुभेदार समोर उभा राहून ‘विकतोस का?’ असे विचारतो, तेव्हा त्या प्रश्नाला नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूनच प्रांतात असताना अधिकाऱ्याने अशी खरेदी करू नये, असा पूर्वजांचा दंडक होता. गॅव्हियस या माणसाला तर व्हेरेसने मेसानात क्रुसावर चढवले. फटके खाताना तो ‘मी रोमन नागरिक आहे’ एवढेच म्हणत राहिला.

आता त्या गणिताकडे येऊ. सिसेरोच्या साक्षीदारांनुसार व्हेरेस उघडपणे सांगे, की सिसिलीतल्या तीन वर्षांची आपण वाटणी केली आहे: एका वर्षाची कमाई स्वतःसाठी, दुसऱ्या वर्षाची वकील आणि पाठीराख्यांसाठी, आणि तिसऱ्या, सर्वांत भरघोस वर्षाची सगळी न्यायपंचांसाठी. यावर सिसेरोने जे म्हटले, ते रोमन राजकीय विचारातले मला सर्वांत तल्लख वाक्य वाटते. तो म्हणाला, की उद्या प्रांतांचे दूत येतील आणि लुटीविरुद्धचा हा कायदा व हे न्यायालय रद्दच करा, अशी विनंती करतील. न्यायालय नसेल तर सुभेदार स्वतःला आणि मुलाबाळांना पुरेल तेवढेच नेईल. न्यायालय असल्यामुळे त्याला वकिलांना, अध्यक्षाला आणि न्यायपंचांनाही पुरेल इतके न्यावे लागते. एका लोभी माणसाची हाव भागवता येते, पण दोषी माणसाचा विजय त्यांना परवडत नाही.

हे विधान नीट समजण्यासाठी बाजारातला वजनकाटा डोळ्यांपुढे आणावा. काट्यात फरक करणारा दुकानदार स्वतःपुरते शंभर ग्रॅम मारत असेल. काटे तपासणारा अधिकारी प्रामाणिक असेल तर तो हे थांबवेल. तो हप्ता घेणारा असेल तर दुकानदार आता दीडशे ग्रॅम मारेल, कारण हप्ता गिऱ्हाइकाच्याच पिशवीतून काढायचा आहे. शिवाय काट्यावर सरकारी शिक्काही असेल. तपासणी मुळात नव्हती तेव्हापेक्षा गिऱ्हाईक आता जास्त नाडले जाते. सुधारणेसाठी उभारलेली यंत्रणा विकली गेली तर आधीपेक्षा परिस्थिती बिघडते, हा सिसेरोचा मुद्दा होता.

त्या वेळी न्यायपंच फक्त सिनेटर असत, म्हणजे उद्या स्वतः सुभेदार होणारे किंवा काल होऊन आलेले. व्हेरेसच्या पक्षाला खटला लांबवून पुढच्या वर्षात न्यायचा होता, कारण पुढच्या वर्षी त्याचा वकील हॉर्टेन्सियस कॉन्सल होणार होता. सिसेरोने पुराव्यासाठी मागितलेल्या ११० दिवसांपैकी ५० दिवसांतच काम उरकले, ५ ऑगस्टला खटला सुरू झाल्यावर लांबलचक भाषणाचा मान सोडून दिला आणि थेट साक्षीदार उभे केले. व्हेरेस निकालाची वाट न पाहता मार्सेला निघून गेला. त्याच वर्षी कायदा होऊन न्यायपंचांत सिनेटरांचे प्रमाण एक तृतीयांशावर आले. सिसिलीकरांच्या हाती मात्र मागितलेल्या रकमेचा थोडासाच भाग पडला.

लाच न घेणाऱ्या माणसाचे काय?

इथपर्यंत वाचून वाटेल, की हाव नसलेला माणूस नेमला की प्रश्न सुटला. तसा माणूस पुढे खरोखरच सुभेदार झाला, आणि तो म्हणजे स्वतः सिसेरो. इ.स.पू. ५१ मध्ये तो सिलिशियाला गेला. त्याने लाच घेतली नाही, प्रांतावर आपला खर्च लादला नाही, आणि १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज मान्य करणार नाही, असे जाहीर केले. त्याच्या अखत्यारीत सायप्रस बेट होते. तिथल्या सॅलॅमिस शहराने रोममध्ये कर्ज घेतले होते, ४८ टक्क्यांनी. वसुली करणारा स्कॅप्टियस याला आधीचा सुभेदार अ‍ॅपियस क्लॉडियस याने घोडदळ दिले होते. त्या घोडेस्वारांनी सॅलॅमिसच्या नगरसभेला सभागृहातच कोंडले, आणि पाच सभासद उपाशी मेले.

सिसेरोने घोडदळ तातडीने परत बोलावले. मग त्याला कळले, की खरा सावकार स्कॅप्टियस नव्हे, ब्रूटस आहे. हा तोच ब्रूटस, जो पुढे सीझरच्या हत्येत सामील झाला आणि सद्गुणांचा पुतळा म्हणून ओळखला गेला. तो सिसेरोच्या मित्रमंडळातला होता. सॅलॅमिसचे लोक १२ टक्क्यांनी हिशेब करून पैसे मोजायला तयार होते. स्कॅप्टियस ऐकेना, तेव्हा रक्कम देवळात ठेव म्हणून ठेवू द्या, म्हणजे व्याज वाढायचे थांबेल, अशी त्यांनी विनंती केली. सिसेरोने तेवढेही केले नाही. ब्रूटसकडे पाहून प्रकरण तसेच लोंबकळत ठेवले आणि पुढच्या सुभेदारावर सोडून तो परतला. पुढचा सुभेदार कसा निघेल, याची खात्री त्यालाही नव्हती.

मराठीत यासाठी अचूक शब्द आहे: भीड. ‘भीड भिकेची बहीण’ असे आपण म्हणतो, तेव्हा भिडेला बळी पडणारा स्वतः भिकेला लागतो असा अर्थ असतो. इथे भीड सिसेरोला पडली आणि भिकेला सॅलॅमिस लागले. रोमन सार्वजनिक जीवन उपकार, परतफेड आणि मैत्री यांच्यावर उभे होते, आणि या गोष्टी दुर्गुण नव्हेत. त्यांच्यावाचून समाज चालत नाही. म्हणूनच त्यांच्या वाटेने आलेला अन्याय ओळखू येत नाही. व्हेरेससमोर सिसेरो निर्भय होता, कारण तो परका होता. सिसेरोच्या पत्रांतून हा प्रसंग वाचताना मला दरवेळी वाईट वाटते, कारण तो स्वतःला फसवत नाही. चूक काय आहे ते त्याला पूर्ण कळलेले असते.

सत्ता माणसाला बिघडवते, की उघडे पाडते?

प्रजासत्ताक कोसळले आणि सम्राट आले. आता एका माणसाच्या वर कोणीच नव्हते. टॅसिटसने या काळाचा इतिहास लिहिला, आणि सत्ता व स्वभाव यांचा सर्वांत बारीक विचार त्याच्याकडे सापडतो.

टायबेरियस हा सम्राट (इ.स. १४ ते ३७) आरंभी संयमी होता आणि शेवटी क्रूर झाला. हे का घडले? टॅसिटस एका ठिकाणी अरुंटियस या सिनेटरच्या तोंडी उत्तर देतो: एवढ्या अनुभवी माणसालाही सत्तेच्या जोराने हलवून बदलून टाकले. पण अवघ्या तीन प्रकरणांनंतर, टायबेरियसच्या मृत्यूची नोंद करताना, तो स्वतःच्या शब्दांत वेगळेच सांगतो: धाक आणि लाज वाटायला लावणारी माणसे एकेक करून गेली, आणि अखेरीस लाज व भीती दोन्ही दूर झाल्यावर तो केवळ आपल्या मूळ स्वभावाने वागू लागला. पहिल्या उत्तरात सत्ता विष आहे, दुसऱ्यात ती झाकण काढणारा हात आहे. टॅसिटसने दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी राहू दिली, आणि मला वाटते त्याने ते जाणूनबुजून केले.

दोन्ही उत्तरे जिथे जुळतात ती जागा महत्त्वाची आहे: लाज आणि भीती. सॅलस्टला शत्रूची भीती दिसली होती, टॅसिटसला माणसाची लाज दिसली. ‘जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग’ असे आपण म्हणतो, त्यात मनाची लाज ही शेवटची, कमीत कमी अपेक्षा असते. टॅसिटसचा अनुभव उलटा आहे. मनाची लाज थोड्यांनाच पुरते. बाकीच्यांना जनाची लाज आवरते, आणि त्यासाठी समोर असे जन हवेत ज्यांच्या मताची किंमत वाटेल. टायबेरियसभोवती सिनेटर स्तुतीची चढाओढ लावत. सभेतून बाहेर पडताना तो ग्रीक भाषेत पुटपुटे, ‘गुलामीसाठी किती तयार ही माणसे!’ ज्यांचा त्याला तिटकारा आला होता, त्यांची त्याला लाज कशी वाटणार? खुशामत करणाऱ्यांनी सम्राटाला खूश केले नाहीच, उलट त्याच्यावरचा शेवटचा लगामही काढून घेतला.

भ्रष्ट सत्ता पुढे क्रूर का होते, याचेही एक निरीक्षण टॅसिटसने नोंदवले: ज्याला आपण दुखावले त्याचा द्वेष करणे हा माणसाचा स्वभावच आहे. वाण्याची उधारी बुडवणारा माणूस आधी त्या गल्लीतून जाणे टाळतो आणि काही दिवसांनी तोच वाणी लबाड असल्याचे सांगू लागतो. अपराध्याला आपला अपराध ज्याच्या चेहऱ्यात दिसतो, तो चेहरा नकोसा होतो. सत्ताधाऱ्याकडे तो चेहरा कायमचा दूर करण्याची साधने असतात.

मात्र टॅसिटस निराशावादी ठरवून मोकळे होऊ नये. गाल्बा या सम्राटाबद्दल तो म्हणतो, की राज्य केले नसते तर सर्वांनी त्याला राज्यास लायक मानले असते. पण त्याच ठिकाणी व्हेस्पेसियनबद्दल सांगतो, की आधीच्या सम्राटांत बदलून चांगला झालेला हा एकटाच. एक अपवाद त्याने प्रामाणिकपणे नोंदवला आहे, आणि तोही त्याच्या सिद्धान्ताचाच भाग आहे.

‘पण हे लिहिणारेच कुठे स्वच्छ होते?’

आक्षेप रास्त आहे. इ.स.पू. ५० मध्ये सॅलस्टला सिनेटमधून काढले गेले, आणि काढणाऱ्या अधिकाऱ्यांत सॅलॅमिसला घोडदळ पाठवणारा तोच अ‍ॅपियस क्लॉडियस होता. पुढे सॅलस्ट आफ्रिकेत सुभेदार झाला, प्रांत लुबाडल्याचा आरोप त्याच्यावर आला, सीझरमुळे तो वाचला, आणि नंतर रोममधल्या आलिशान बागांचा मालक म्हणून त्याचे नाव राहिले. साधेपणाचे गुण गाणाऱ्या सेनेका या तत्त्वज्ञाची संपत्ती तीस कोटी सेस्टर्स आहे, असे त्याचे विरोधक म्हणत.

सॅलस्टचा बचाव मी करणार नाही. पण टॅसिटसची गोष्ट वेगळी आहे. डोमिशियन या जुलमी सम्राटाच्या काळात तो सिनेटमध्ये होता आणि गप्प राहिला. डोमिशियन मेल्यावर सासऱ्याचे चरित्र लिहिताना त्याने दोष एकट्या सम्राटावर ढकलला नाही. हेल्विडियस या सिनेटरबद्दल ‘आमच्याच हातांनी हेल्विडियसला तुरुंगात नेले’ असे लिहिले. गप्प बसणे जितके आपल्या हाती होते तितके विसरणेही असते, तर आवाजाबरोबर आठवणही गेली असती, असेही त्याने लिहिले. हे बाहेरून केलेले निदान नाही, आतल्या माणसाने दिलेली साक्ष आहे.

या लेखकांची खरी मर्यादा दुसरीकडे आहे. लिओंटिनीच्या शेतकऱ्याने लिहिलेले काही आपल्यापर्यंत आलेले नाही. सॅलॅमिसच्या पाच मृतांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. सोसणाऱ्यांचे शब्द आपल्याला मिळतात ते राज्य करणाऱ्यांच्या लेखणीतून.

‘चैनीने आणि परदेशी पैशाने रोम बिघडले, असेच ना?’

रोमन लोकांचे हे आवडते स्पष्टीकरण होते, आणि त्याला आपल्या भूमीचाही धागा जोडलेला आहे. हिंदुस्थानच्या व्यापारापायी दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात, अशी तक्रार थोरला प्लिनी या रोमन लेखकाने केली. त्या व्यापाराची पहिल्या शतकातली एक ग्रीक मार्गदर्शिका कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर या ठिकाणांची नावे घेते, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात रोमन समुद्रदेवाची ब्राँझ मूर्ती निघाली. पण चैन हे कारण फारसे पटणारे नाही. बिघाड सुरू कधी झाला यावरच रोमन लेखकांचे एकमत नव्हते: कोणी इ.स.पू. १८७ म्हणे, कोणी १५४, कोणी १४६. शिवाय पश्चिमेकडचे साम्राज्य त्यानंतर सहाशे वर्षे टिकले. भ्रष्टाचाराने राज्य लगेच बुडते, हे रोमच्या इतिहासातून सिद्ध होत नाही. राज्य टिकू शकते. सिसिलीचा शेतकरी टिकत नाही.

‘मग धाक राहिला कोणाचा?’

शत्रू नाही, न्यायालय विकलेले, सिनेट खुशामती. अशा वेळी सत्ताधाऱ्याला कोणाची भीती उरते? टॅसिटसने आपल्या कामाचा हेतू सांगताना याचे उत्तर दिले आहे: सद्गुण मुके राहू नयेत, आणि वाईट बोलण्या-वागण्याला पुढच्या पिढ्यांची व दुष्कीर्तीची भीती असावी, हे इतिहासाचे मुख्य काम. सभेत आज जे जन उरले नाहीत, ते जन उद्याच्या वाचकांत शोधायचे.

हे उत्तर पुरेसे नाही, असे कोणी म्हणेल, आणि लुटल्या गेलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर ते पुरेसे नाहीच. इ.स. १०० मध्ये टॅसिटस आणि त्याचा मित्र धाकटा प्लिनी यांनी मिळून आफ्रिकेचा सुभेदार मारियस प्रिस्कस याच्यावर खटला चालवला आणि जिंकला. घेतलेल्या लाचेचे सात लाख सेस्टर्स सरकारी खजिन्यात भरून त्याला इटलीबाहेर जावे लागले. ज्युव्हेनलने यावर लिहिले, की तो परदेशात मजेत आहे, आणि प्रांता, तू जिंकून रडतो आहेस.

तरी सत्ताधाऱ्यांना त्या भीतीची जाणीव होती. इ.स. २५ मध्ये क्रेम्युशियस कॉर्डस या इतिहासकारावर खटला झाला. आपल्या ग्रंथात त्याने ब्रूटसची स्तुती केली होती आणि कॅसियसला ‘शेवटचा रोमन’ म्हटले होते; सीझरला मारणारे हे दोघे मरून तेव्हा साठांवर वर्षे लोटली होती. कॉर्डसने अन्न सोडून प्राण दिला. त्याचे ग्रंथ जाळावेत, असा ठराव सिनेटने केला. त्याच्या मुलीचे नाव मार्सिया. तिने प्रती लपवून ठेवल्या, आणि पुढचा सम्राट कॅलिगुला आल्यावर त्या पुन्हा लोकांच्या हाती दिल्या.